विमा खाटेचा, खाज हाताची

अहो वहिनी, जरा थांबा. मुनग्याच्या शेंगा नंतर घ्या, आधी तो हात दाखवा. मनगटाच्या वर ते काय उठलंय? कडेला लाल, मध्ये कोरडं, बांगडीएवढं गोल. काय लावताय त्याला? कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ट्यूब? वाटलंच मला. लावली की चार दिवस गार, सोडली की पुन्हा उठतं, आणि दर खेपेला आधीपेक्षा मोठं. बरोबर ना? आणि भाऊजींना? त्यांनाही मांडीत? म्हणजे घरभर झालं म्हणायचं.

लाजताय काय त्यात! या पावसाळ्यात अर्ध्या चौबे कॉलनीला झालंय. परवा महाराष्ट्र मंडळात गणपतीतल्या हळदीकुंकवाचं ठरवायला जमलो होतो, तर निम्म्या बायका पदराआडून हात खाजवत होत्या आणि प्रत्येकीचा चेहरा असा, की मी नाही त्यातली. तुमची बाई तीजेला माहेरी गेलेली, भांडी तुमच्याच हातात, पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत. नायट्याला आणखी काय हवं?

डॉक्टरला का नाही दाखवलं? काय म्हणताय, मुलगा म्हणाला थांब? "आई, माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही दोघंही आहात. कार्ड मिळालं की चांगल्या स्किन स्पेशालिस्टकडे जा, बिल पाठव, क्लेम करू." आणि कार्ड यायचंय म्हणून तुम्ही ट्यूब चोळत बसलाय. कमाल आहे हो.

मुलगा गुणाचा आहे, त्यात शंकाच नाही. हल्ली पुण्याला जाऊन आईबापाचं नाव पॉलिसीत घालतं कोण? पण पॉलिसीचं पुस्तक त्यानं उघडलेलं नाही, हे मी इथे भिंतीशी उभं राहून सांगते. सगळी नोकरी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर गेली माझी. फाइल उघडायच्या आधी माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं, की हा "पॉलिसी आहे ना, मग सगळं मिळणार" या पंथातला. त्यात सर्वांत जास्त कोण असायचे, सांगू? दातवाले, चष्मेवाले आणि हे तुमचे कातडीवाले.

नीट ऐका. आपल्याकडची आरोग्य पॉलिसी ही मुळात भर्तीची पॉलिसी. दवाखान्यात निदान चोवीस तास भर्ती झालात, किंवा डे-केअरमध्ये बसणारी शस्त्रक्रिया झाली, तर पैसे. नुसतं डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी घेतली, गोळ्या-मलम घेऊन घरी आलात, तर ती ओपीडी. साध्या पॉलिसीत ओपीडीला छदाम नाही. आता तुम्हीच सांगा, कातडीच्या डॉक्टरकडे भर्ती कोण होतं? हृदयवाल्याकडे खाटा, हाडवाल्याकडे खाटा. स्किनवाल्याकडे एक टेबल, एक भिंग आणि बाहेर बाकड्यावर रांग. त्याचं जवळजवळ सगळं कामच ओपीडीचं. म्हणजे गंमत बघा, ज्या डॉक्टरकडे माणूस वर्षातून सहज दोन-तीनदा जातो, तिथेच पॉलिसी तोंड फिरवते.

हो, हो, ओपीडीचा रायडर मिळतो. तुमच्या मुलाच्या कंपनीनं तो घेतला असेल तर सोन्याहून पिवळं. त्याला म्हणावं, एचआरला एकच प्रश्न विचार, "आईबाबांना ओपीडी आहे का, असेल तर वर्षाला किती, आणि कुठल्या डॉक्टरकडे?" हे तिन्ही विचारायचं. कारण कधी ओपीडी असते, पण फक्त कर्मचाऱ्याला. कधी आईबापालाही असते, पण कंपनीच्या ॲपवर ज्यांची नावं आहेत त्याच डॉक्टरांकडे. पुण्यात त्या यादीत पन्नास असतील, रायपूरचं पान उघडलं की दोन निघतात आणि त्यातला एक दाताचा. कधी डॉक्टरची फी मिळते, औषधाची नाही. आणि नायट्यात फी केवढी, औषधच महाग. महिना-दोन महिने गोळ्या चालतात.

स्वतःच्या पैशानं रायडर घ्यायचा विचार असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा तीन हजार जास्त भरले आणि वर्षाला पाच हजारांची ओपीडी मिळाली. ती पूर्ण वापरली तर दोन हजार सुटले. अर्धी वापरली तर पाचशे गेले. वर बिलं जपायची, चिठ्ठ्या चढवायच्या, ॲपशी भांडायचं. घरात सोरायसिस आहे, इसब आहे, वर्षभर डॉक्टर सुटत नाही, अशांनी जरूर घ्यावा. तुमच्या-आमच्यासारख्यांनी तेच पैसे डब्यात टाकावेत. विमा कशासाठी? जो खर्च आला तर घर हलेल त्यासाठी. डॉक्टरच्या सातशे रुपयांनी घर हलत नाही वहिनी, नुसता जीव हळहळतो.

मागच्या गल्लीतल्या बाईंचं ऐकलंत की नाही? कोणाला सांगू नका हं. लेकीचं लग्न ठरलं म्हणून गालावरच्या वांगावर लेझर करून घेतलं. करा बापडे, आपलं काय जातंय. पण नंतर सगळी बिलं घेऊन विम्याच्या ऑफिसात! तिथल्या पोरानं कलम दाखवलं तर त्याच्याशी भांडल्या. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत हे कलम असतं, विमा नियामकानंच शब्द ठरवून दिलेत. रूप सुधारण्यासाठी केलेला उपचार विम्यात नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतर अंग पूर्ववत करायला केलेली शस्त्रक्रिया चालते, किंवा तब्येतीला थेट धोका आहे असं डॉक्टरनं लिहून दिलं तर चालते. वांग, मुरमांचे खड्डे, केस लावून घेणं, हे सगळं आपापल्या हौसेनं आणि आपापल्या पैशानं.

आणि आणखी एक प्रकार असतो. तोही तुमच्या कानावर आला असेल. "ताई, काळजी करू नका, एक रात्र भर्ती दाखवतो, पॉलिसीतून काढून देतो." असं म्हणणारे भेटतात. गोड बोलतात. पण त्यांच्या नादी लागायचं नाही. टेबलावर अशी फाइल आली की आम्हाला वास यायचा. हाताला खाज आणि चोवीस तास सलाइन? नुसत्या तपासण्यांसाठी भर्ती झालेल्याला पैसे नाहीत, हेही कलमात आहे. आणि खोटं सापडलं तर नुसता तो क्लेम जात नाही, पॉलिसी जाते. उद्या भाऊजींच्या छातीत कळ आली, तर कुठलं कार्ड दाखवणार? दोन-तीन हजारांसाठी पाच लाखांचं छप्पर काढून देण्यासारखं आहे हे.

मग कातडीला विमा कधीच नाही का? आहे ना! कातडी काही फक्त खाजत नाही. आमच्या ह्यांच्या आतेभावाला साखर. पायाला बारीक जखम, लक्ष दिलं नाही. दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत लाल, सुजलेला, ताप एकशे तीन. सेल्युलायटिस. भर्ती, शिरेतून औषध, सगळं पॉलिसीत बसलं. एखाद्याला औषधाची रिॲक्शन येते, तोंडात फोड, अंगाची साल सुटते, ती तर आयसीयूची केस. पेम्फिगस म्हणून आजार असतो, अंगभर पाण्याचे फोड, त्यालाही भर्ती लागते. अशा वेळी कॅशलेसला घाबरायचं नाही. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, परिपत्रक काढलंय. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं एका तासात उत्तर द्यायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. आमच्या काळी संध्याकाळी सुट्टी मिळालेला पेशंट दुसऱ्या दुपारी घरी जायचा, खाटेचं भाडं चढायचं ते वेगळंच.

आणि यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ती लक्षात ठेवा. भर्ती व्हायच्या आधीचे साधारण तीस दिवस आणि सुटल्यानंतरचे साठ दिवस, त्याच आजारासाठी डॉक्टरला दाखवलं, तपासण्या केल्या, औषधं घेतली, तर तो खर्चही मिळतो. काही पॉलिसींत याहून जास्त दिवस असतात. आतेभावानं आधी स्किनवाल्याला दाखवलं होतं, त्याची चिठ्ठी आणि बिल खिशात चुरगळून ठेवलं होतं. मी इस्त्री करून जोडायला लावलं. पैसे आले. म्हणून म्हणते, कातडीच्या डॉक्टरची चिठ्ठी कधी टाकायची नाही. तारीख, नाव, आजार, शिक्का, चारही बघून फायलीत.

पण फाइल ठेवताय तर दडवायचं नाही. हे दुसरं दुखणं. पॉलिसी घेताना एजंट म्हणतो, "अहो सोरायसिस काय लिहिताय, तो काय आजार आहे?" लिहायचा! जुना आजार सांगितला तर जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. पूर्वी चार होती, २०२४ पासून तीन केली. तीन वर्षांनंतर कंपनीला तोंड उघडता येत नाही. आणि पाच वर्षं पॉलिसी सलग चालली, की आधी हे सांगितलं नव्हतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, मुद्दाम फसवलंय हे सिद्ध झालं तरच नाकारतात. दडवून पाच वर्षं जीव मुठीत धरायचा, त्यापेक्षा सांगून तीन वर्षं निवांत थांबलेलं काय वाईट?

तुमच्या मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत बहुधा थांबावं लागत नाही, जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून चालतं. पण ती पॉलिसी कंपनीची. मुलानं नोकरी सोडली की आपलं छप्पर गेलं. म्हणून भाऊजींना सांगा, एक लहानशी का होईना, घरची पॉलिसी असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटीही गेलाय, तेवढं निमित्त पुरे. आणि तुमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या ना? त्यांचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढलंत? उत्पन्न विचारत नाहीत, खाजगी विमा असला तरी चालतं, वर्षाला पाच लाख. पण तेही भर्तीचंच बरं का. ओपीडीला तिथेही शून्य.

क्लेम उगाच नाकारला तर? भांडायचं, पण रीतसर. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. तिथे समाधान नाही झालं तर विमा लोकपाल. आपला लोकपाल भोपाळला बसतो, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही त्याच्याकडे. फी नाही, वकील नाही, साधा अर्ज. कंपनीनं शेवटचा नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण ऐकतात. वाटेत कुठे अडलात तर नियामकाचा १५५२५५ हा नंबर आहे. पण वहिनी, ओपीडीचं बिल घेऊन लोकपालाकडे गेलात तर तोही तेच कलम दाखवेल, जे त्या पोरानं दाखवलं.

मग दाखवायचं कुठे, म्हणता? पैसे खर्चायचे नसतील तर मेकाहारा आहेच. हो, नाव तेच चालतं. पाटीवर आंबेडकर रुग्णालय लिहिलंय, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा! तिथे त्वचारोगाचा वेगळा विभाग आहे. टाटीबंधला एम्स आहे, २०१२ पासून. रांग लागते, सकाळी लवकर जायचं, पण दाखवायला लागतात ते अगदी नाममात्र पैसे. खाजगीत जायचं तर पाटीवरची डिग्री वाचा. एमडी किंवा डिप्लोमा, त्वचारोगातला. हल्ली गल्लोगल्ली "स्किन अँड हेअर" म्हणून काचेची दारं उघडलीत. आत गोरी भिंत, गोरी पोरगी, आणि डॉक्टर विचारलं तर "सर आज आले नाहीत".

खाजतंय ना पण? खूप खाजतंय? मग देवाचे आभार माना. अहो हसू नका, खरंच सांगते. नागपूरची माझी भाची त्वचारोगाची डॉक्टर आहे, ती म्हणते, छत्तीसगडच्या माणसानं खाजणाऱ्या डागाला घाबरू नये, न खाजणाऱ्याला घाबरावं. फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला खाज नाही, दुखत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, घाम येत नाही, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कुष्ठरोग असू शकतो. देशात ज्या राज्यांत तो अजून जास्त सापडतो, त्यात आपलं राज्य पुढे आहे. आणि इथे विम्याचा प्रश्नच येत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट. थोडे डाग असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर गोळ्या, आणि माणूस बरा. गोळ्या सुरू झाल्या की लागण पसरायची थांबते. मितानिन, म्हणजे आपल्याकडची आशाताई, घरी येऊन चट्टे विचारते ना, तेव्हा बायका "कुछ नहीं है" म्हणून दार लावतात. तुम्ही लावू नका. तुमची बाई तीजेहून आली की तिलाही विचारा.

कुष्ठरोग्यांसाठी आपल्या मराठी माणसांनीही इथे काम करून ठेवलंय वहिनी, आणि मंडळात त्याचं नाव कमीच निघतं. चांप्याजवळ सोठीला भारतीय कुष्ठ निवारक संघ आहे. सदाशिव गोविंदराव कात्रे यांनी तो १९६२ मध्ये काढला. स्वतः कुष्ठरोगी होते. ज्यांना घरानं बाहेर काढलं त्यांना घेऊन राहिले. पुढे १९७२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे आले आणि तिथलेच झाले. शेती, गोशाळा, शाळा, रोग्यांच्या हातांना काम. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. वरोऱ्याचं आनंदवन आपल्याला पाठ असतं, आणि बिलासपूरपुढे गाडीत दीड तासावरचं सोठी माहीत नसतं.

आता तुमच्या नायट्याचं. ती ट्यूब आणा बघू आतून. वाचा मागे बारीक अक्षरात. बघा, बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि तिसरं स्टेरॉइड. हे तिसरंच चोर. ते खाज दाबतं, म्हणून चार दिवस बरं वाटतं, आणि आत बुरशी मजेत पसरते. कातडी पातळ होते, जांघेत लावलं तर पांढरे चरे पडतात ते जन्मभर. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तुमच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली? नाही ना. भाची म्हणते, आता नायट्याची एक अशी बुरशी आलीय की नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी म्हणतात, २०२० मध्ये तिचं बारसं झालं. म्हणून आता अंदाजानं ट्यूब बदलत बसायचे दिवस गेले.

भाऊजी आणि तुम्ही एकाच दिवशी जा. एकाला औषध आणि दुसऱ्याला लाज, असं झालं की महिन्यानं दोघांनाही पुन्हा. टॉवेल वेगळे, अंगातले कपडे उन्हात, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. डाग गेला म्हणून गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत.

कार्डाची वाट बघू नका. कार्ड येईल तेव्हा येईल, तोवर नायटा खांद्यापर्यंत जाईल. मुलाला आजच फोन करून सांगा, पॉलिसी चालू ठेव, ती भर्तीसाठी लागेल, डॉक्टरची फी आम्ही भरतो. आणि उद्या सकाळी एम्सची रांग नाहीतर संध्याकाळी खाजगी, पण स्किनच्याच डॉक्टरकडे. ट्यूब इकडे द्या, मी टाकते कचऱ्यात.